फोनमधला दिलावर

अकराला डॉक्टरांची वेळ, आणि दहा वाजले तरी शफाबी खोलीतून हलायला तयार नव्हत्या. दोन दिवस गोळीही घेतली नव्हती. गोळ्या आणणारा आणि गाडी चालवणारा माणूस एकच, आणि तो म्हणे त्यांचा मुलगाच नव्हे.

“हुबेहूब बनवलाय गं,” त्या सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “पण माझा दिलावर नाय तो. तू जपून राहा, हजरा.”

दिलावर आत आला की ओढणी थेट कपाळापर्यंत. पोटच्या पोरापासून पडदा! हजराला हसावं की रडावं कळेना. कडेवरची इनाया मात्र आजीची ओढणी खेचून खिदळत होती.

दिलावरनं आपलं आखातातलं रेसिडेन्सी कार्ड पुढे केलं. “अम्मी, फोटो तरी बघ.”

“फोटो तुमचाच हाय. नाव त्याचं चोरलंत.”

वाद घालू नका, हा आजार आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हजरानं नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढलं. “यल्ला, चला, खाली गाडीत बसा आणि फोन लावा. व्हिडिओ नको, नुसता आवाज.”

बारा वर्षं दिलावर इकडे बंदरावर कामाला आणि शफाबी तिकडे रत्नागिरीत; त्यांना मुलगा भेटायचा तो फोनमधूनच. त्या आवाजावर तरी त्यांचा विश्वास बसेल, हजराला तेवढंच सुचलं होतं.

फोन वाजला. “हॅलो, अम्मी…”

“दिलावर! कुठं मेलायस रे?” ओढणी घसरून खांद्यावर आली. “हितं एक जण तुझी बनियन घालून फिरतोय!”

“फिरू दे. गोळी घेतलीस?”

“त्यानं आणलेली?”

“मीच पाठवलीय त्याच्याकडून. घे. आणि त्याच्याच गाडीतनं डॉक्टरकडे जा. माणूस चांगला आहे.”

“तू ओळखतोस?”

“लहानपणापासून.”

शफाबींनी हजराकडे पाहिलं, गोळी तोंडात टाकली, वर पाणी घेतलं. हजरानं लगबगीनं त्यांच्या चपला दारात मांडल्या.

पण लगेच निघतील तर त्या शफाबी कसल्या! आधी स्वयंपाकघरात गेल्या, दोन डबे भरले, मगच खाली उतरल्या. ओढणी सारखी करून मागच्या सीटवर बसल्या आणि मोठा डबा पुढे सरकवला.

“सांदणं हायत. हमद पोर्टवर दिलावरला पोचवा. वाटेत उघडू नका.” मग थोडं थांबून छोटा डबा दिला. “हा तुमचा. सकाळपासून उपाशी दिसताय.”

दिलावरनं घाईघाईनं गॉगल चढवला. “शुक्रन, खाला,” अम्मीला मावशी म्हणत त्यानं आभार मानले.

“आणि डबा पोचला,” त्या दरडावून म्हणाल्या, “की त्याला फोन करायला सांगा.”