मच्छिंद्रची बाटली

मला एकच डोळा आहे, मित्रांनो, आणि आता तोही गढूळ झाला आहे. मी जालन्यातल्या एका दवाखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक. सध्या मला कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं आहे. माझ्या भिंगावर बुरशी धरली आहे. दार उघडलं तरी माझ्याकडे कुणी बघत नाही. पण मी आज चिडलो आहे तो यासाठी नाही. माझी चीड फार जुनी आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. पेंढ्यात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून मला रेल्वेनं इकडे आणलं. जालना नुकताच जिल्हा झाला होता. डॉक्टर अण्णासाहेब औरंगाबादेत शिकून आले होते आणि त्यांनी मुतखड्याचा, लघवीच्या आजारांचा आणि पुरुषांच्या दुखण्यांचा दवाखाना काढला होता. त्यांनी मला खिडकीपाशी ठेवलं. वीज गेली की माझ्या पायाशी असलेला छोटा आरसा ते उन्हाकडे वळवत, आणि तेवढ्या उजेडात माझं काम चाले. खिडकीच्या बाहेर व्हरांडा होता. तिथं बाकड्यावर बसलेल्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येई.

काम भरपूर होतं. एमआयडीसीत सळयांचे कारखाने होते. भट्टीपुढं दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं विसरायचं, मग पोटात कळ उठली की धावत यायचं. त्यांच्या लघवीतले काचेसारखे खडे मी किती पाहिले असतील! कधी रक्त, कधी पू. मी दाखवायचो, डॉक्टर औषध द्यायचे, माणूस चालत घरी जायचा. "अण्णासाहेबांकडं बराबर निदान होतं" असं लोक म्हणायचे, तेव्हा त्यातला अर्धा मान माझा आहे असं मला वाटायचं.

एक काम मात्र माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं.

ज्यांना मूल होत नाही अशी जोडपी यायची. जोडपी कसली, बाईच यायची. सोबत सासू. बाईच्या पोटाचे फोटो काढून झालेले असायचे, पिशवी साफ करून झालेली असायची, उपास आणि अंगारे तर विचारूच नका. नवरा कुठाय म्हटलं की तो बाहेर पानटपरीवर. मित्रांनो, पुरुषाची तपासणी केवढीशी! सुई नाही, चिरणं नाही, दुखणं नाही. वीर्याचा एक थेंब काचपट्टीवर ठेवायचा. त्यात शुक्रजंतू आहेत का, जिवंत आहेत का, पुढं धावतात का, एवढं मी सांगायचं. पण तो थेंब येईल तर ना. मी रिकामा बसायचो आणि बायका चिरल्या जायच्या.

कौसल्या अशीच आली. मंठ्याच्या पलीकडच्या खेड्यातली, लग्नाला सहा वर्षं झालेली. शब्द मोजून बोलायची. तिचा नवरा मच्छिंद्र सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होता. आठवडाभर एमआयडीसीतल्या खोलीवर राहायचा आणि शनिवारी गावी जायचा. सासू गोजरबाई सुनेचे सगळे कागद पिशवीत घालून आली होती. डॉक्टरांनी ते वाचले आणि म्हणाले, हिचं सगळं ठीक आहे, आता मुलाचं बघू.

गोजरबाईंना ते बिलकुल पटलं नाही. "मर्दाला काय बघायचं? पोत्याच्या थप्प्या उचलितो त्यो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी ताकदीचा आणि याचा संबंध नसतो हे समजावलं. मच्छिंद्र खाली मान घालून बसला होता. दवाखान्यातल्या खोलीत नमुना देणं त्याला जमेना. मग डॉक्टरांनी रिकामी बाटली दिली आणि बजावलं, खोलीवरून आण, पण जल्दी आण, तासाच्या आत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यानं बाटली आणली. नमुना इतका ताजा होता की तो अजून घट्टच होता. पातळ व्हायची वाट बघत डॉक्टरांनी मला थांबवून ठेवलं. मग मी पाहिलं, आणि मला आनंद झाला. झुंडीच्या झुंडी, सगळे सरळ धावणारे! जे दिसलं ते मी दाखवलं. डॉक्टरांनी ते लिहून दिलं.

त्या एका कागदानं कौसल्याचा घात केला. गोजरबाईंनी तो गावभर दाखवला. आता दोष कुणाचा हे ठरलंच होतं. दिवाळीपर्यंत अंबडच्या नात्यातली एक मुलगी मच्छिंद्रसाठी बघूनही झाली. कौसल्यानं घरात राहावं, कामधंदा करावा, सवतीचं लेकरू सांभाळावं, असं ठरलं. तिला कुणी विचारलं नाही.

ती एकटीच एसटीनं डॉक्टरांकडे आली. "माझं परत बघा," म्हणाली. "काहीतरी चुकलं असंल."

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुझ्यात काही नाही. त्याच्यातही काही नाही, मी स्वतः पाहिलंय."

"हौ, ते तर खरंच. गावाहून दोन तास बाटली छातीशी धरून बसले होते गाडीत. मी संगंच होते. पोळ्याची कर होती."

डॉक्टरांचा हात टेबलावर थांबला. "गावाहून? खोलीवरून नाही?"

"न्हाई. पहाटंच दिली म्हणले. मला आन् आत्याबाईला स्टँडवर बसवलं आन् हिकडं आले."

पहाटे भरलेली बाटली दोन तासांनी अजून घट्ट? वीर्य तर अर्ध्या तासात पातळ होतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. मी खरं बोललो होतो, मित्रांनो. पण माझ्यापुढं ठेवलेलंच खोटं होतं.

मच्छिंद्रला निरोप गेला. तो आईला घेऊनच आला. डॉक्टरांनी गोजरबाईंना बाहेर चहाला बसवलं आणि दार लावून विचारलं, "ती बाटली कुणाची होती?"

मच्छिंद्र म्हणाला, "भिवाची. मव्हा खोलीवरला दोस्त हाये. त्याला तीन लेकरं हायेत, म्हणून त्याची आणली. मव्ही गावाहून आणलेली रिकामीच होती."

"का पण?"

"भ्याव वाटलं डॉक्टरसाहेब. खराब निघालं असतं तर तोंड कुठं दाखवलं असतं?"

"आणि तिनं कुठं दाखवायचं?"

त्या दिवशी मात्र त्यानं दवाखान्यातच नमुना दिला. मी पाहिलं. ओसाड माळ होता तो. कुठंतरी एखादा जंतू, तोही जागच्या जागी वळवळणारा. डॉक्टरांनी त्याला तपासलं. डाव्या वृषणाच्या वरच्या शिरा फुगून गाठोड्यासारख्या झाल्या होत्या. तिथं रक्त साचतं, उष्णता वाढते, आणि वरून भट्टीची धग. पण हे बरं होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले. छोटं ऑपरेशन करू, भट्टीवरून दुसरीकडे बदली माग, सहा-आठ महिने वाट बघ.

मच्छिंद्र हात जोडून म्हणाला, आईला सांगू नका. डॉक्टर म्हणाले, रुग्णाची गोष्ट मी बाहेर सांगत नाही, पण अंबडचं लग्न तू मोडायचंस आणि कौसल्याला खरं सांगायचंस. त्यानं दोन्ही केलं. गावात मात्र मुतखड्याचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. ओसाड माळावर हळूहळू हालचाल दिसू लागली, ती मीच पहिल्यांदा पाहिली. दीड वर्षानं कौसल्याला मुलगी झाली.

इथं गोष्ट संपली असती तर मी कपाटात शांत पडून राहिलो असतो.

पेढे द्यायला ते तिघं आले तेव्हा बाकड्यावर बऱ्याच बायका होत्या. गोजरबाईंनी सांगायला सुरुवात केली. सुनेत कसा दोष होता, आपण तिला घरातून काढलं कसं नाही, किती खर्चा केला. कौसल्या मुलीला मांडीवर घेऊन ऐकत होती. तिनं एकदाच मच्छिंद्रकडे पाहिलं.

तो उभा राहिला. कान लाल झाले होते. "आई, दोष मव्ह्यात होता," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "ऑपरेशन मुतखड्याचं नव्हतं."

मी खिडकीत श्वास रोखून होतो, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता.

गोजरबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बघा बायांनो," त्या म्हणाल्या, "किती जीव लावतो बायकोला. तिचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यलाय मव्हा लेक."

बायका हळहळल्या. असा नवरा नशिबानं मिळतो, असं एकीनं म्हटलंही. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आजी, तो खरं बोलतोय. तर गोजरबाई डॉक्टरांनाच म्हणाल्या की तुम्ही बी लई भले माणूस हायेत.

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या काचेची लाज वाटली. नखाएवढ्या थेंबातलं सगळं मी दाखवू शकतो. पण ज्यांनी बघायचंच नाही असं ठरवलंय, त्यांना मी काय दाखवणार? आता दवाखान्यात मोठी यंत्रं आली आहेत. ती तरी काय वेगळं करणार? माझी बुरशी पुसा अशी माझी विनंती नाही. तुम्ही मोठे व्हाल, लग्नं कराल. तेव्हा दुखणं दोघांचं समजा. पुरुषाची तपासणी आधी करा, ती सोपी आहे. आणि बाटलीत आपलंच आणा.

कौसल्या त्या बायकांशी भांडली नाही. रडलीही नाही. मुलीला खांद्यावर घेऊन ती उठली. बाकड्याच्या टोकाला एक कोवळी पोरगी कागदांची पिशवी घेऊन एकटीच बसली होती. कौसल्या तिच्यापुढं थांबली.

"मालक कुठायत तुमचे?"

"ते कशाला येतील?" ती पोरगी म्हणाली.

"मंग तुम्ही तरी कशाला आल्या?"

पोरगी पिशवी काखेत मारून उठली आणि पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या रस्त्याला लागली, नवऱ्याला आणायला.