हळदीकुंकवाचं लाइफ जॅकेट

मित्रांनो, मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे, नारिंगी रंगाचं, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. तुम्ही इतक्या शांतपणे ऐकायला बसलाय, त्यातही तुमचा काहीतरी बेत असणार असं मला वाटतंय. स्वभावच तसा पडला, त्याला माझा इलाज नाही.

हा स्वभाव जन्मापासूनचा. कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात रंगूबाईंनी मला शिवलं. पोटात फोमचे जाड तुकडे भरले, तीन पट्टे लावले, तीन बकलं बसवली. बाकीच्या बाया पट्टा एकदा ओढून बघायच्या आणि जॅकेट ढिगात टाकायच्या. रंगूबाई मात्र प्रत्येक पट्ट्याला तीन-तीनदा हिसडा द्यायच्या. "दिसतंय चांगलं, पर दिसण्यावर जाऊ ने," असं पुटपुटायच्या. एवढं मन लावून शिवलं आणि वर माझ्यावरच संशय, याचा मला भारी राग आला. मग मीही ठरवलं, आपणही जगाकडे असंच बघायचं.

२०१९च्या महापुरात बोटीत बसून मी सांगलीच्या गावभागात शिरलो. हळदीचे व्यापारी भूपालशेठ आणि त्यांच्या पत्नी आक्काताई वरच्या मजल्याच्या खिडकीत अडकले होते. बोटीतल्या पोरांनी मला आक्काताईंच्या अंगात चढवलं. खिडकीतून उतरताना त्यांचा पाय निसटला आणि त्या थेट पाण्यात गेल्या. मी माझ्या फोमच्या जिवावर त्यांना वर उचलून धरलं, तोंड पाण्याबाहेर ठेवलं. पोरांनी ओढून घेतलं. त्या गडबडीत मी त्यांच्याच अंगात राहिलो, आणि नंतर कुणी परत मागायलाही आलं नाही.

पाणी ओसरल्यावर आक्काताईंनी मला धुतलं, वाळवलं, पाटावर ठेवून हळदीकुंकू वाहिलं. आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्येनं मला वाचीवलं." दर दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळायचं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

दसरा झाला की मात्र मी भूपालशेठांच्या पेढीवर, त्यांच्या बुडाखाली. त्यांना कंबरदुखी होती आणि मी मऊ लागायचो. दिवसभर बसायचे, वर्षानुवर्षं बसले. मला वाटायचं, माझा मान या माणसाला सहन होत नाही, म्हणून हा मुद्दाम चेपतोय. पण चेपून चेपून माझं काही बिघडत असेल, असं एकदाही मनात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीनं, प्रीतीनं, कयाक शिकायचं ठरवलं. कयाक म्हणजे एकट्यानं बसून वल्हवायची निमुळती होडी. वाईजवळ धोम धरणाच्या पाण्यावर श्रद्धा नावाची मुलगी ती शिकवायची. तिनं पहिल्या सामानाची यादी पाठवली: अंगाला घट्ट बसणारं जॅकेट, डोक्याच्या मापाचं हेल्मेट, उंचीला साजेसं वल्हं, लवकर वाळणारे कपडे. यादी ऐकली आणि मी कान टवकारले. हिचं आणि दुकानदाराचं नक्की साटंलोटं असणार.

खरेदीला आक्काताई सोबत गेल्या आणि मलाही पिशवीत घालून नेलं. आक्काताईंनी प्रीतीचे शाळेचे सगळे गणवेश वाढत्या अंगाचे घेतले होते. हेल्मेटही त्यांनी दोन मापं मोठं काढायला लावलं.

"आई, मी सव्वीस वर्षांची आहे. आता डोकं किती वाढणार?"

"आसू दे गं. केस धुतल्यावर फुगत्यात की तुजं."

दुकानदारानं निळं, नवं कोरं जॅकेट पुढे केलं. आक्काताईंनी ते हातानं बाजूला सारलं आणि मला बाहेर काढलं. "ह्यानं मला वाचीवलंय, तुला बी वाचवंल. ह्येच घालायचं. न्हाईतर पाण्यात पाय ठेवायचा न्हाई." शिकायचं असेल तर मीच, हे ठरून गेलं. त्या निळ्या छचोराकडे बघून मला गुदगुल्या झाल्या.

धोमला श्रद्धानं मला हातात घेतलं, दाबलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काकू, हे आतून पार चपटं झालंय. कशाखाली ठेवत होता?"

"ह्यांच्या बुडाखाली आसतंय. कंबरंला बरं वाटतंय त्यास्नी."

श्रद्धानं मला प्रीतीच्या अंगात चढवलं आणि माझ्या खांद्यांना धरून वर ओढलं. मी आक्काताईंच्या मापाचा, प्रीतीला ढगळ. थेट प्रीतीच्या कानांपर्यंत गेलो. तशातच ते मोठं हेल्मेट तिच्या डोळ्यांवर घसरलं.

"आवं पर बाई, दरसाल हळदीकुंकू वाहतोय आमी त्याला," आक्काताई म्हणाल्या.

"मग आधी इथं काठाशीच बघू. हिचा हात माझ्या हातात राहील. नंतर तुम्हीच सांगा."

मी मनात म्हणालो, बघच आता, कशी तोंडावर पडतेस. छातीभर पाण्यात प्रीतीनं पाय उचलले. मी जोर लावला, पण जोरच नव्हता, मित्रांनो. फोम पाण्याला काही दाद देईना. मी तिच्या तोंडावर सरकलो आणि ती माझ्या खालून निसटत गेली. पाणी नाकाशी आलं. तिनं माझा पट्टा घट्ट धरला, कारण आईनं सांगितलं होतं, हे वाचवेल. त्या क्षणी मला माझीच भीती वाटली. श्रद्धानं तिला झटक्यात वर ओढलं.

आक्काताई लुगड्यासकट पाण्यात शिरल्या होत्या. लेकीला पोटाशी धरून म्हणाल्या, "मीच हट्ट केला गं. मीच घालीवलं तुला."

त्या माऊलीचा काय दोष? मी दुकानदारावर, श्रद्धावर, निळ्या जॅकेटावर संशय घेतला. स्वतःवर घ्यायचा तेवढा राहिला. रंगूबाईंचा हिसडाही त्या दिवशी कळला. त्यांना माझा अपमान करायचा नव्हता. पुढे कुणाची तरी लेक या पट्ट्यावर भरवसा ठेवणार, याची त्या बाईंना काळजी होती.

आता मी धोमलाच खुंटीवर असतो. दर रविवारी नवी मुलं आली की श्रद्धा माझ्या पट्ट्यांना दोरीनं एक दगड बांधते आणि मला पाण्यात सोडते. शेजारी तेवढाच दगड बांधलेलं चांगलं जॅकेट तरंगत राहतं, मी खाली जातो. पहिल्यांदा लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मुलांचे चेहरे पाहिले आणि म्हटलं, बुडू दे मला.

म्हणून विनवतो, मित्रांनो, आम्हांला बुडाखाली घेऊ नका, ओलं कोंबून ठेवू नका. पाण्यात उतरण्याआधी आम्हांला दाबून, ओढून, उथळ पाण्यात तपासून बघा. आम्ही कितीही थोर असलो तरी बघा. आम्हांला राग येईल, येऊ द्या.

यंदा दसऱ्याला आक्काताई मुद्दाम धोमला आल्या. मला झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. मग वळल्या आणि प्रीतीच्या निळ्या जॅकेटाच्या प्रत्येक पट्ट्याला तीन-तीनदा हिसडा दिला.