होय, बॅनर मी समुद्रात टाकला

काका, तुम्ही माझ्या बाबांचा सभ्यपणा चोरलात. याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. तुम्ही आमच्या घरी आलात, आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाल्लीत, "वहिनी, अशी खिचडी खायला अल ऐनलाच यावं लागतं" म्हणालात, आणि जाताना माझ्या बापाच्या तोंडून चार वाक्यं काढून खिशात घालून गेलात. मी घरी नसताना. विमान मी चालवत होते, बाबा नाही. लायसन्सवर नाव मुग्धा आहे, विजयकुमार नाही. तुम्हाला काही विचारायचं होतं तर मला विचारायचं होतं.

तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही चौकशी समितीला सांगितलीत ती गोष्ट वेगळी आहे.

सोमवार ते शुक्रवार मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत एस्टिमेशनला बसते. एसीचे डक्ट, पत्र्याची जाडी, कोपऱ्यांची संख्या. शनिवार-रविवार तुम्ही ज्या कंपनीचे ऑपरेशन्स हेड, तिचं दोन सीटचं विमान घेते आणि त्याच्या मागे जाहिरातीचा बॅनर बांधून किनाऱ्यावरून ओढते. पार्ट टाइम. लोक विचारतात, "म्हणजे तू खरी पायलट नाहीस?" माझा भाऊ वेद त्याच्या मित्रांना सांगतो, "माय सिस्टर फ्लाइज अ फ्लेक्स." चालतं मला. एअरलाइनच्या दारात उभं राहायचं तर उड्डाणाचे तास लागतात, आणि ते तास मला दुसरं कोणी देत नव्हतं. तुम्ही दिलेत. मराठी मंडळाच्या कोजागिरीला तुम्हीच बाबांना म्हणालात, "आपली मुलगी आहे, पाठवा माझ्याकडे." मला म्हणालात, "सर-बिर नको, काका म्हण." मी म्हटलं. ते नातं तेव्हा फार गोड वाटलं होतं.

बॅनर घेऊन विमान धावपट्टीवरून उठत नाही. समितीतल्या दोघांना तेवढंही माहीत नव्हतं. आधी रिकामं विमान वर जातं. खाली रामचंद्र, तुमचा ग्राउंड क्रू, माणसाच्या उंचीची अक्षरं एकेक करून वाळूत जोडतो, आणि बॅनरच्या दोराचा फास दोन बांबूंवर टांगून ठेवतो. मग मी शेपटीमागे आकडा सोडून खाली येते, अगदी खाली, बांबूंच्या डोक्यावरून. आकड्यात फास अडकला की नाक सरळ आभाळात. बॅनर जमिनीवरून सोलल्यासारखा उठतो. त्या क्षणी विमान जवळजवळ थांबतं हो. मग हळूहळू सुरळीत होतं. अक्षरं इंग्रजी असली तर किनारा डाव्या हाताला ठेवून उडायचं, अरबी असली तर उजव्या हाताला. नाहीतर खालच्या लोकांना सगळं उलटं दिसतं.

त्या शनिवारी अक्षरं अरबी होती. अत्तराच्या दुकानाचं उद्घाटन. दुकानाचा मालक पाहुण्यांना घेऊन बीचवर उभा होता, आणि तुम्ही तुमची गाडी धावपट्टीच्या कडेला लावून, काळा चष्मा लावून, रामचंद्रच्या शेजारी.

मी फास उचलला. नाक वर घेतलं. आणि विमान वर-खाली करायची स्टिक हातात दगडासारखी झाली.

रेडिओवर रामचंद्र ओरडला, "म्याडम, दोर शेपटेत गेलो! शेपटेत!"

त्याच्या हातातला रेडिओ तुम्ही काढून घेतलात. पुढचा आवाज तुमचा होता.

"मुग्धा बेटा, काही झालेलं नाही. मस्त उचललायस. यल्ला, बीचवर जा."

"काका, शेपटीचा एलिव्हेटर जड झालाय. नाक नीट खाली येत नाहीये."

"अगं, वारा असेल. एक चक्कर मार फक्त. क्लायंट फॅमिली घेऊन उभा आहे."

"मी बीचवर जाणार नाही."

"एकच चक्कर! पाच मिनिटांचं काम!"

"निगेटिव्ह."

"हे बघ, घाबरू नकोस. मी आहे ना खाली."

खाली! तुम्ही खाली होतात म्हणूनच तर सोपं होतं ना, काका? बॅनरच्या पुढच्या टोकाला लोखंडी दांडी असते, बॅनर उभा राहावा म्हणून तिच्या एका टोकाला शिशाचं वजन असतं. शेपटीत अडकलेला दोर किनाऱ्यावर तुटला असता तर ती दांडी कुणाच्या तरी छत्रीवर पडली असती. शनिवारची दुपार, ऊन अजून सोसवेल असं. पाण्यात मुलं होती. मला वरून त्यांचे पिवळे-केशरी फुगे दिसत होते, ते दंडाला बांधतात ना, ते.

मी म्हटलं, "बॅनर समुद्रात टाकतेय. खलास." आणि डावीकडे वळले.

वळताना विमान कसं वागलं ते मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघा, घाबरली होती. होड्या नव्हत्या अशा पाण्यावर गेले आणि बॅनर सोडायचा खटका ओढला. नाही सुटला. तो खटका जाम होतो हे मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा तुम्ही "इन्शाल्ला, बघतो" म्हणाला होतात. स्टिक गुडघ्यांत धरली, दोन्ही हातांनी ओढला. सुटला. दोर शेपटीवरून खरवडत गेला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. अत्तराचं दुकान पाण्यात गेलं. मी परत येऊन विमान उतरवलं. एक ओरखडा सोडून काही नाही. कोणाला काही नाही.

तुम्ही विमानाजवळ आलात. मला वाटलं, विचाराल, बरी आहेस ना. तुम्ही म्हणालात, "आता क्लायंटला मी काय तोंड दाखवू?"

आठवड्याने तुमचा फोन. आवाजात साखर.

"समिती बसतेय बेटा. फार काही नाही. तू एवढंच म्हण, मी घाबरले. आपण ट्रेनिंगचा इश्यू म्हणून लिहू. महिनाभर ग्राउंडवर राहा, मग पुन्हा उड."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मग 'जजमेंट अनसेफ' असा शेरा जाईल. मी काही करू शकणार नाही. तो शेरा घेऊन कुठल्या एअरलाइनच्या दारात जाणार तू? विचार कर. आपल्यातलं आपल्यात मिटवू."

"मी घाबरले नव्हते, काका."

"अगं, म्हणायला काय जातं!"

मी फोन ठेवला. तेव्हा तुम्ही अल ऐनला आई-बाबांच्या घराची वाट धरलीत.

शुक्रवारी रात्री मी घरी गेले तर बाबा नको इतके हसतमुख. "काका येऊन गेले. मिटवलंय मी सगळं," म्हणाले.

"काय मिटवलंत?"

"क्लायंटसाठी एक व्हॉइस मेसेज दिला. हिंदीत. त्याचा राग शांत व्हावा म्हणून."

"काय बोललात, बाबा?"

बाबांनी सांगितलं. 'साहब, बच्ची है, घबरा गई, उससे गलती हो गई, माफ कर दीजिए.'

"हे शब्द तुमचे?"

"ते म्हणाले असं म्हणा. मी म्हटलं. मुग्धा, आपण लहान झालो की समोरचा मोठा होतो, राग जातो. शब्दांनी कुणाचं काय जातं?"

"माझं लायसन्स जातं!"

"इतकं ओरडू नकोस," आई म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

वेद खोलीतून बाहेर आला. "डॅड, दॅट्स अ कन्फेशन. यू गेव्ह देम अ कन्फेशन."

बाबा त्याच्याकडे वळले. मग माझ्याकडे. हॉस्पिटलच्या मशिनरी विभागात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. दुसऱ्याच्या हातून मशीन बिघडलं तरी "सॉरी डॉक्टर" म्हणत आत शिरणारा माणूस. मला म्हणाले, "मी इथे मान खाली घालून राहिलो, म्हणून तू वर उडालीस. हे विसरू नकोस."

खरं आहे ते. विसरले नाही. पण मान त्यांनी माझी नाही, स्वतःची खाली घातली होती. माझी घालायचा हक्क त्यांनी कधी मागितला नव्हता. तो तुम्ही त्यांच्याकडून काढून घेतलात.

मग ते म्हणाले, "मी येतो समितीपुढे. सांगतो, मी आपलं रीतीप्रमाणे बोललो."

"नको. तुम्ही आलात की मी परत बच्ची."

त्यांना लागलं ते. मला दिसलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. सकाळी निघाले तेव्हा गाडीची काच त्यांनी पुसून ठेवली होती आणि स्वतः बाल्कनीत पाठ करून उभे होते.

समिती म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला चार खुर्च्या. तुम्ही, क्लायंटचा माणूस, विम्याचा माणूस, आणि बाहेरून बोलावलेल्या सेफ्टी ऑडिटर शहनाझ मॅडम. तुम्ही सुरुवातीलाच फोन टेबलावर ठेवलात आणि बाबांचा आवाज लावलात. तो दमलेला, आदबशीर आवाज त्या एसी खोलीत. 'बच्ची है, घबरा गई.' विम्याच्या माणसाने मान डोलावली. तुम्ही हात जोडल्यासारखं करून म्हणालात, "फादर खुद मान रहे हैं. और क्या कहें."

शहनाझ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आप कुछ कहेंगी?"

मी म्हटलं, "मॅडम, हमारे घर में मेहमान के हाथ से कप गिर जाए, तो मेरे बाबा कहते हैं, सॉरी, चाय ज्यादा भर दी थी."

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "हमारे घर में भी," म्हणाल्या. मग लगेच कडक. "लेकिन इससे ये साबित नहीं होता कि कप किसने गिराया."

"नहीं होता. इसलिए मुझसे पूछिए."

त्यांनी विचारलं. मी सांगितलं. स्टिक जड झाली, बीच टाळला, पाण्यावर गेले, खटका दोन्ही हातांनी ओढला. घाबरले होते का? हो. उतरल्यावर. विमान थांबवून, इंजिन बंद करून, बेल्टचं बकल तिसऱ्या प्रयत्नात सुटलं तेव्हा. वर असताना वेळ नव्हता.

क्लायंटचा माणूस म्हणाला, "लेकिन हमारा उद्घाटन?"

मी म्हटलं, "दुकान खुल गई ना? तो हो गया."

"बघा हे उत्तर!" तुम्ही मराठीतच बोललात, माझ्याकडे वाकून. "हा माज बरा नाही, मुग्धा. मी तुझ्या बापाच्या जागी आहे."

"नाही. तुम्ही ऑपरेशन्स हेडच्या जागी आहात. तिथूनच बोला."

रामचंद्र बाहेर बाकावर बसला होता. तुम्ही त्याला मुद्दाम आणलं होतं, मी त्याचं नाव घेतलं तर त्याचं काय होईल हे आम्हा दोघांनाही दिसावं म्हणून. त्याचा व्हिसा तुमच्या हातात, त्याची मुसफ्फाच्या कामगार कॅम्पमधली खाट तुमच्या हातात. मी आत जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली टाकली. मी त्याचं नाव घेतलं नाही. मला त्याची गरजही नव्हती. विमान तुमच्या डोक्यावरून गेलं होतं. शेपटीत अडकलेला दोर खालून कुणालाही दिसतो. काळ्या चष्म्यातूनही दिसतो.

म्हणून मी शहनाझ मॅडमना विचारलं, मी यांना एक प्रश्न विचारू का? त्या हो म्हणाल्या. मी विचारला. तुम्ही पाणी प्यालात. मग म्हणालात, इतक्या दिवसांनी नीट आठवत नाही. मग म्हणालात, मीटिंगला उशीर होतोय. शहनाझ मॅडम म्हणाल्या, "जवाब लिखकर भेज दीजिए." निकाल तोवर राखून ठेवला.

तुम्ही पाठवलेलं नाही. माझं विमान दुसरंच कोणी उडवतंय, त्याच जाम खटक्याने. मी फॅक्टरीत पत्र्याचे कोपरे मोजतेय. मंडळात तुम्ही सांगत फिरता की पोरगी गुणी आहे, पण डोकं गरम. आईला बायका विचारतात, "अहो, एक सॉरी म्हणायला काय हरकत होती?" मी म्हणणार नाही. या महिन्यात नाही, शेरा आला तरी नाही, बॅनर तर बॅनर, उद्या तुम्ही मला पतंगही उडवू दिला नाहीत तरी नाही. बाबांना आता तुमचे फोन येतात. ते उचलत नाहीत. हे त्यांनी स्वतःहून ठरवलं, मी सांगितलं नाही.

म्हणून तो प्रश्न इथे पुन्हा, मंडळातल्या सगळ्यांसमोर. त्याला साक्षीदार लागत नाही, मेसेज लागत नाही, माझ्या बाबांची माफी लागत नाही. मी उचललेला बॅनर घेऊन तुमच्या डोक्यावरून गेले आणि तुम्ही मला त्या मुलांच्या दिशेने जायला सांगितलंत. सांगण्याआधी तुम्ही वर पाहिलंच नव्हतं, की पाहून सांगितलंत?

दोनपैकी एक. बोला.