दहा रुपयांचं पेन आणि फाईल नंबर सात

माझा हात मोडला तो पतंगामुळे, आणि पतंग माझा नव्हता. संक्रांतीला जयपुरात माणसं गच्चीवरून खाली उतरत नाहीत. आमच्या विद्याधर नगरच्या गच्चीवर नात अनुया पतंग उडवत होती आणि मी तिची चरखी धरून मागे मागे सरकत होते. मागे पाण्याची टाकी आहे, एवढं भान अडुसष्टाव्या वर्षी असायला हवं होतं. नव्हतं. उजवं मनगट, सहा आठवडे प्लास्टर.

"आता तुझी वही राहिली," आमचे हे म्हणाले. बायकोचा हात मोडला आणि या माणसाला वही आठवली! पण खोटं कशाला बोलू, मलाही आधी तीच आठवली होती.

वही म्हणजे रामनामाची. इथल्या मराठी महिला मंडळाच्या अध्यक्ष अमिताताईंनी ठरवलं होतं, दासनवमीपर्यंत प्रत्येकीनं दोनशे पानी वही जपानं भरून द्यायची. मी काही फार देवभोळी नाही. रामाचं माझ्या वहीवाचून काही अडत नसणार. पण गेल्या वर्षी माझी वीस पानं कमी पडली, तेव्हा या बाईनं माइकवरून "काही भगिनींना जमलं नाही" म्हणत थेट माझ्याकडे बघितलं होतं. म्हणून यंदा वही स्वतःच्या हातानं पुरी करायची आणि तिच्या टेबलावर नेऊन आपटायची, एवढंच माझं ध्येय होतं. सत्तर पानं बाकी होती.

संध्याकाळी तिचा फोन आलाच. "रत्नप्रभाताई, राहू द्या हो. उरलेली पानं तुमची सून लिहील."

"निशिगंधा बँकेतून आठला येते. ती लिहील की जेवेल? मीच लिहीन. मला दुसरा हात आहे."

"अगंबाई! डाव्या हातानं देवाचं नाव?"

मी फोन ठेवून दिला. तिला काय माहीत, तोच माझा पहिला हात होता. मिरजेला अंगणातल्या फरशीवर पहिली अक्षरं मी खडूनं डाव्यानंच गिरवली. मग शाळेत घातलं आणि मास्तरांनी पट्टीनं असे वळ उठवले की आठ दिवसांत मी उजवी झाले. तेव्हापासून डाव्याच्या वाट्याला नळ सोडायचा आणि पिशव्या धरायच्या, एवढंच आलं.

दुसऱ्या दिवशी अनुयाचं जेल पेन घेऊन बसले. अक्षर वाकडं आलं, पण आलं! मी खूश. ओळ संपवून बघते तर काय, लिहिलेल्यावरूनच तळहात फिरत गेलेला, राम कुठला नि जय कुठला काही कळेना. करंगळीपासून मनगटापर्यंत हात निळा.

"आजी, पेज टेढा ठेव ना," अनुया म्हणाली आणि तिनं वही उजवीकडे तिरकी केली. "माझ्या क्लासमधला दर्शन लेफ्टी आहे, तो असंच करतो. मतलब हात खाली राहतो."

नऊ वर्षांच्या पोरीला जे कळतं ते मास्तरांना कळलं नव्हतं. वही तिरकी केल्यावर हात जरा सुटा झाला, पण जेलची शाई वाळायचं नाव घेईना. मग घरातलं जुनं बॉलपेन काढलं. ते इतकं दाबावं लागे की पानाच्या पाठीवरसुद्धा रामनाम उमटायचं, आणि मध्येच शाईचा गोळा पडायचा.

तेव्हा आमचे हे, सदाशिवराव, पुढे सरसावले. विमा कंपनीत बत्तीस वर्षं नोकरी, सात गावांत बदल्या, आणि सगळीकडे खिशाला एकच शाईचं पेन. कुणी मागितलं तर देणार, पण टोपण काढून स्वतःच्या मुठीत ठेवणार. उघडं पेन कुणी खिशात घालून पळत नाही, हे यांचं तत्त्वज्ञान. मला देतानाही टोपण मुठीतच ठेवलं! मी कुठं पळणार होते? ते पेन तर डाव्या हातानं चालेचना. उजवा हात निब ओढत नेतो, डावा ढकलतो, त्यामुळे ते कागदात रुतायचं आणि कर्रकर्र वाजायचं.

"अगं, निब मोडशील!"

"मनगट मोडलं तेव्हा एवढे ओरडला नव्हतात."

शेवटी आम्ही तिघं चंदनजींच्या दुकानात गेलो. चौकातलं त्यांचं स्टेशनरीचं दुकान एवढंसं आहे, पण पेनं मात्र ढिगानं. यांनी काउंटरवर जाताच दीडशे रुपयांच्या डबीकडे बोट दाखवलं. चंदनजींनी ती डबी बाजूला सारली आणि माझ्या प्लास्टरकडे बघितलं.

"माताजी, रोज लिखना है ना? उल्टे हाथ को महँगा पेन नहीं, जल्दी सूखने वाला पेन चाहिए." त्यांनी चार-पाच बॉलपेनं पुढे टाकली आणि पेनं तपासायचा जुना पॅड माझ्याकडे सरकवला. "लिखके तुरंत हाथ फेरो."

एकाची शाई पसरली. दुसरं अडखळत होतं. तिसरं पांढरं, साधं, पकडायला जरा जाडसर, किंमत दहा रुपये. ते टेकवलं आणि सरसर चालायलाच लागलं. दाबावं लागेना, गोळा पडेना. लिहिलेल्यावरून तळहात घासला, हात स्वच्छ. मला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

हे चष्मा सावरत पॅडवर वाकले. "गिरिजा? ही गिरिजा कोण?"

मी बघितलं. पॅडवर तीन वेळा गिरिजा लिहिलेलं होतं. मी काय लिहितेय, माझं मलाच कळलं नव्हतं.

"भिलवाड्याला आपल्याकडे कामाला होती, ती का गं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मिरजेत लग्नाच्या दिवशी याच माणसानं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. ताट लहान, नाव लांब, शेवटचा 'भा' काठावरच राहिला, आणि सगळे हसले. मीही हसले. त्याआधी बावीस वर्षं मी कोण होते, हे या माणसाला आठवत नव्हतं! डाव्या हाताला मात्र तेवढं एकच नाव येत होतं.

"आजोबा, बताओ ना, कौन गिरिजा?" अनुयानं विचारलं.

"तुझ्या आजोबांच्या फायलीत असेल ती," मी म्हटलं. "घरातलं सगळं नंबर घालून ठेवलंय ना? बघा म्हणावं जाऊन." मला रडू येत होतं आणि दुकानात रडायचं नव्हतं. सहा पेनं घेतली आणि निघाले.

त्यानंतर मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. रोज दोन पानं, कधी तीन. अक्षर सरळ होत गेलं. हे आतल्या खोलीत कपाटं उघडत-मिटत होते, कशासाठी ते मी विचारलं नाही.

दासनवमीला मंडळात वह्यांची चळत लागली. अमितानं माझी वही उघडली. आधीची पानं बघितली, शेवटची बघितली, आणि तिचा चेहरा फुलला. "अक्षर वेगळं आहे हे. आणि शेवटी नाव कुणाचं? गिरिजा? बाहेरच्या बाईकडून लिहून घेतलेलं कसं चालेल, ताई?"

म्हणजे सुनेकडून चाललं असतं! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागे घरच्या मंडळींच्या खुर्च्यांमधून हे उठले. हातात एक जुना, पिवळा पडलेला फॉर्म होता.

"फाईल नंबर सात," ते म्हणाले. "लग्नानंतर हिची पहिली पॉलिसी मीच काढली. त्यात लग्नापूर्वीच्या नावाचा रकाना असतो. गिरिजा. अक्षर माझंच आहे." मग आवाज खाली गेला. "मीच लिहिलं होतं, आणि मीच विसरलो. चुकलं माझं."

अमितानं वही माझ्याकडे सरकवली. माझे डोळे भरून आले, पण माफ करायची मला काही घाई नव्हती. वहीचं शेवटचं पान मी यांच्यापुढे धरलं.

"साक्षीदार म्हणून सही करा. खाली नाव, पत्ता, नातं. सगळं नीट लिहा."

यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. "ते नको," मी म्हटलं आणि माझं दहा रुपयांचं पेन पुढे केलं. त्यांनी ते मुकाट्यानं घेतलं, गिरिजा या नावाखाली सही केली, नात्यापुढे 'पती' लिहिलं, आणि मग टोपणासाठी हात पसरला.

टोपण माझ्या डाव्या मुठीत होतं.

"पेन द्या आधी," मी म्हटलं.