मिंटचे नाव

बाळांनो, माझ्याबरोबर झरी गावातल्या एका खोलीत या. खिडकीशी संगणक आहे, त्याच्यापुढे बबिता बसली आहे आणि दाराच्या चौकटीला टेकून सात वर्षांची राजेश्री उभी आहे. राजेश्रीची आई म्हणजे बबिताची थोरली बहीण. ती गेल्या महिन्यात तापाने वारली, तेव्हापासून पोर इथेच राहते. दोघींचे रडून संपले होते. वाढले की जेवत, दिवा मालवला की आडव्या होत.

बबिताची सासू कडूबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राजे, आता हिला आई म्हणत जा. मावशी मावशी काय करायलीस?"

राजेश्रीने मान खाली घातली. बबिता पडद्याकडे वळली.

शाळांच्या संगणकांवर कोणते प्रोग्रॅम बसवले आहेत, त्याची यादी गोळा करणारा कोड बबिता लिहीत असे. शाळांतले संगणक लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालतात, पण तिचे प्रकार पुष्कळ. उबुंटू एक, मिंट दुसरा; मिंट उबुंटूवरूनच घडलेला. तिचा कोड फक्त उबुंटूला ओळखायचा, त्यामुळे मिंटची यादी कोरी यायची. काल तिने सोपा उपाय केला. मिंट दिसला की त्याचे नाव पुसून उबुंटू लिहायचे. याद्या भरल्या. पण आज एका शाळेतून जीवन सरांचा फोन आला. याद्या जातात त्या शिक्षण कार्यालयाने यादीत उबुंटू पाहून त्यांच्या मिंटच्या संगणकांवर उबुंटूची दुरुस्ती पाठवली होती आणि ते सुरूच होत नव्हते.

राजेश्री जवळ आली. काय झाले, विचारू लागली. बबिताने तिला कालचे सांगितले आणि पडद्यावर दोन ओळी दाखवल्या. प्रत्येक संगणक एका ओळीत आपले नाव सांगतो, दुसरीत आपण कोणासारखे आहोत ते.

"ह्यो मिंट उबुंटूसारखा हाय?"

"हो. सामान मांडायची रीत तीच."

"मग नाव कामून पुसलं?"

बबिताने कालची नाव पुसणारी ओळ काढून टाकली. वाचायचे उबुंटूच्या रीतीने, नाव मात्र मिंटच ठेवायचे. मिंटच्या दुसऱ्या एका शाळेची यादी पुन्हा मागवली. ती भरून आली, आणि वर मिंट लिहिलेले होते. तिने आपली चूक कार्यालयाला आणि जीवन सरांना कळवली.

कडूबाई चहा घेऊन आली आणि तेच पुन्हा बोलू लागली.

"आत्याबाई," बबिता म्हणाली, "तिला आई होती. मला मावशीच म्हणू द्या."

"तुझं तू बघ बाई," म्हणत कडूबाई कप ठेवून आत गेली.

राजेश्री कंगवा घेऊन आली आणि बबिताकडे पाठ करून बसली.

"मावशी, भांग बाजूनं पाड. आई तसाच पाडायची."