सहा चाळीसची यादी

पाच वाजून दहा मिनिटांनी हॅलोताईंना जाग आली. गजर लावलेला नव्हता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावरची सकाळची पाळी त्यांच्या अंगातून गेलेली नव्हती. त्यांनी पांघरुणाची चौकोनी घडी घातली, खिडकीचं एक दार उघडलं, चूळ भरली आणि चहाला आधण ठेवलं. पाणी उकळेपर्यंत कपाटावरचे दोन मोबाइल चार्जिंगवरून काढले. एक त्यांचा, दुसरा त्यांच्या यजमानांचा. यजमानांना जाऊन दहा महिने झाले होते. त्यांचा फोन त्या रोज संध्याकाळी चार्जिंगला लावत आणि रोज सकाळी काढत. त्यात काही अर्थ नाही, हे त्यांना कळत होतं. पण पलीकडे कुणी नाही म्हणून लाईन मरू द्यायची, हे त्यांच्या हातांना कधी जमलंच नव्हतं.

हॅलोताई हे नाव इस्पितळातल्या वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी मिळून ठेवलेलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी त्या बोर्डावर काढली. ‘थांबा, जोडते’ हे दोन शब्द त्यांनी किती लाख वेळा उच्चारले असतील, याची गणती नाही. पहिल्याच दिवशी त्यांच्या वरिष्ठ बाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: चालू बोलणं तोडायचं नाही, आणि जोडून दिलं की आपला कान काढून घ्यायचा. त्या दोन्ही त्यांनी नोकरीभर पाळल्या.

सहा वाजता खालच्या मजल्यावरचे वायरमन आले. आठला त्यांची ड्यूटी सुरू होत असे.

“वहिनी, आज तरी खोकं उघडणार ना? का आजही चहा पाजून वाटेला लावणार?”

“आज उघडू.”

“उघडाच. पुढच्या महिन्यात गॅरंटी संपतेय. आत काही बिघाड निघाला तर दुकानदार आपल्यालाच शहाणपण शिकवेल.”

खोकं बैठकीच्या खोलीत, अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला, जसं आलं तसंच पडून होतं. यजमान इस्पितळात दाखल झाले त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी ते आणलं होतं. हॅलोताईंनी अ‍ॅम्प्लिफायरवरचं मेणकापड काढलं. वायरमननी चिकटपट्टी कापून खोकं उघडलं आणि आतली काळी डबी तळहातावर ठेवून निरखली.

“एवढीच? दादा सांगायचे, ही इंटरनेटवरून गाणं ओढते आणि थेट अ‍ॅम्प्लिफायरला देते. म्हणे जगातलं सगळं गाणं हिच्यात मावतं. आमच्या कपाटात आमचे चौघांचे कपडे मावत नाहीत.”

हॅलोताई हसल्या. मग त्यांनी वही आणली. यजमान नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. घरातला साधा बल्ब बदलायचा तरी आधी कागदावर आकृती काढत. ही डबी, म्हणजे स्ट्रीमर, कशी जोडायची याचीही त्यांनी आकृती काढून ठेवली होती. रेघा पट्टीने मारलेल्या, बाण लाल शाईचे, बाजूला नऊ पायऱ्या. ‘राउटरची वायर टक्क आवाज येईपर्यंत आत सारणे.’ ‘अ‍ॅम्प्लिफायरची कळ तिसऱ्या खुणेवर आणणे.’

“हे असलं अक्षर असेल तर आम्हा वायरमनची गरजच काय?” वायरमन म्हणाले आणि पालथे होऊन अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे शिरले. हॅलोताई एकेक पायरी वाचून दाखवू लागल्या. डावा स्पीकर मुका निघाला, तेव्हा वायरमननी त्याच्या मागची सैल झालेली तार पुन्हा पिळून बसवली. एवढ्यात पावणेसात झाले.

आठव्या पायरीला यजमानांचा फोन लागत होता. त्यातलं गाण्यांचं खातं उघडंच होतं. नववी पायरी शेवटची होती: ‘यंत्र नाव विचारील. बाबांची बैठक असे टाकणे.’ हॅलोताईंनी एका बोटाने अक्षरं शोधत ते टाकलं.

“आता दाबा,” वायरमन म्हणाले.

त्यांनी दाबलं. खोलीत व्हायोलिन उमटलं. हॅलोताईंनी खुर्चीची पाठ धरली. दहा महिन्यांत या खोलीत आवाज म्हणून झाला तो फक्त दारावरच्या घंटीचा.

“मधूनच सुरू झालं की हे,” वायरमन म्हणाले. “पहिल्यापासून नको का व्हायला?”

ते पुढे काही बोलणार तोच व्हायोलिन थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वायरमननी राउटरची वायर हलवली, मग फोन हातात घेऊन पडद्यावर बोट मारलं. व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

“काय केलंत?”

“काही नाही. ते विचारत होतं, दुसरीकडे वाजतंय, तिथलं बंद करून इथे वाजवू का? मी हो म्हटलं.” मग त्यांच्याच डोक्यात प्रकाश पडला. “दुसरीकडे म्हणजे? वहिनी, दादांचं खातं कुणीतरी ढापलंय! फुकटात मजा चाललीय त्याची. पासवर्ड बदला आधी.”

“कुठे वाजतंय म्हणालात?”

वायरमननी फोन डोळ्यांपासून लांब धरला. “ठकूचं स्वयंपाकघर,” त्यांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. “ठकू म्हणजे... आपली ठकू?”

हॅलोताईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि गाणं थांबवलं. पण उशीर झाला होता. स्वयंपाकघरात त्यांचा स्वतःचा फोन वाजायला लागला होता. वायरमननी आपला कप उचलला आणि ते बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले.

“हॅलो.”

पलीकडून नुसता टणटण नाद येत होता. थाळीवर कुणीतरी चमचा आपटत होतं, आणि मधूनच बारीक किंकाळी फुटत होती, खुशीची. नऊ महिन्यांच्या नातवाचा फक्त फोटो हॅलोताईंनी पाहिला होता. तोही जावयाने पाठवलेला. आवाज त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

“ठकू?”

“तू आहेस होय,” ठकू म्हणाली.

“मीच. खालचे वायरमनभाऊ आलेत. ह्यांनी आणून ठेवलं होतं ना ते यंत्र, ते लावत होतो.”

“माझ्या फोनवर नाव आलं. बाबांची बैठक.”

“वहीत तसंच लिहिलेलं होतं गं. मी तेच टाकलं.”

चमचा आपटतच होता.

“मला क्षणभर वाटलं...” ठकू म्हणाली आणि थांबली.

“काय वाटलं?”

“काही नाही. बावळटपणा.”

काय वाटलं असेल ते विचारायची गरज नव्हती.

“मी बंद केलंय, ठकू. तू लाव. तू ऐक.”

“नको. तुझं घर, तुझी माणसं, तुमचं खातं. मी काढीन माझं दुसरं.”

“अगं, माझं ऐकून तर घे...”

“डबा करायचाय मला. ठेवते.”

फोन बंद झाला. हॅलोताई तो कानाशी धरून तशाच उभ्या राहिल्या. जिन्यातून वायरमननी हळूच डोकावून पाहिलं, कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, “येतो वहिनी. वायर पक्की बसलीय. काही लागलं तर आवाज द्या.”

इस्पितळात यजमान अकरा दिवस होते. त्याच इस्पितळात, बोर्डाच्या खोलीच्या दोन मजले वर. पहिल्याच दिवशी त्यांनी हॅलोताईंकडून वचन घेतलं होतं. “ठकूला कळवू नकोस. आठवा महिना आहे तिला. एवढा लांबचा प्रवास, दगदग. काही झालं म्हणजे? मी बरा होऊन घरी आलो की सांगू.” डॉक्टरही बरे होतील असंच म्हणत होते. नवव्या दिवशी ठकूचा फोन आला, तेव्हा हॅलोताई म्हणाल्या, “बाबा झोपलेत.” ते खोटं नव्हतं. ते खरोखरच झोपलेले होते. अकराव्या दिवशी पहाटे ते गेले.

‘ताबडतोब निघून या’ असं लोकांना सांगायला हॅलोताईंकडे एक खास आवाज होता. एकतीस वर्षांत घोटून तयार झालेला, न घाबरवणारा, पण न रेंगाळू देणारा. तो आवाज त्यांनी परक्यांसाठी शेकडो वेळा वापरला होता. ठकू आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ती दारातच उभी राहिली, पोटावर हात धरून, आणि म्हणाली, “आयुष्यभर सगळ्या गावाला लाईन जोडून दिलीस. माझी एक जोडता आली नाही तुला?”

त्यावर हॅलोताईंनी यजमानांच्या वचनाचं सांगितलं नाही. गेलेल्या माणसाच्या माथी काही मारायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं. ठकू दुसऱ्या दिवशी परत गेली. नंतर बाळाचा फोटो आला, बाळाच्या आईचा शब्द आला नाही.

सकाळी सहा चाळीसला यजमान अ‍ॅम्प्लिफायर लावत. टक्क असा आवाज येई. मग दोन मिनिटं तो तापू देत आणि फोनला वायर जोडून ‘सकाळ’ नावाची यादी सुरू करत. बेचाळीस मिनिटांची, सात तुकड्यांची, त्यांनी स्वतः वेचून लावलेली. पुष्कळदा तेवढ्यात ठकूचा फोन येई आणि ते त्यात ओरडत, “अगं, आज माझी पाळी आहे!” मग खो खो हसत. मग मुकाट्याने हात काढून घेऊन खुर्चीत बसून राहत. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा लागलेला, आणि आवाज मात्र काही नाही. हॅलोताई स्वयंपाकघरातून विचारत, “वाजत तर काहीच नाही. मग बसलात कशाला?”

“तिकडे वाजतंय ना,” ते म्हणत.

म्हातारपणाचा चळ, असं मनात म्हणून हॅलोताई कणीक मळायला लागत. बाप-लेकीत काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. जोडलेल्या लाईनवरून कान काढून घ्यायची सवय घरातही तशीच राहिली होती. ते एकच खातं दोघं वापरत होते आणि ते एका वेळी एकाच घरात वाजत होतं, हे त्यांना आज, वायरमनच्या एका बोटामुळे कळलं. आणि हेही कळलं, की ठकूने बापाची यादी दहा महिने, बापाच्याच वेळेला, चालू ठेवली होती.

नवं खातं काढलं, तर त्यात ती यादी नसणार होती.

त्या दिवशी दुपारचं जेवण ओट्यावरच निवून गेलं. हॅलोताई चष्मा लावून यजमानांच्या फोनशी झटत बसल्या होत्या. वहीत दहावी पायरी नव्हती. ठकूच्या फोनवर दिसणारं यंत्राचं नाव कसं बदलायचं ते त्यांनी एकटीनेच शोधून काढलं. ‘बाबांची बैठक’ हे शब्द शेवटाकडून एकेक अक्षर पुसावे लागले. ‘बा’ एवढंच उरलं तेव्हा बोट अडलं. मग तेही पुसलं.

रिकाम्या चौकटीत त्यांनी आधी ‘आई’ असं लिहिलं. नको वाटलं, खोडलं. ‘मला माफ कर’ असं लिहिलं आणि त्याहून घाईने खोडलं; असली गोष्ट यंत्राच्या पाटीवर लिहायची नसते. शेवटी जे लिहिलं ते लिहिताना त्यांना फारसा विचार करावा लागला नाही:

‘तू ऐक, मी थांबते’.

दुसऱ्या दिवशी पाच दहाला जाग आली. घडी, खिडकी, चूळ, चहा. दोन फोन. सहा चाळीसला त्यांनी मेणकापड काढून त्याची घडी बाजूला ठेवली आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं. टक्क. लाल दिवा लागला. त्या यजमानांच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा फोन मांडीवर धरला.

सहा त्रेचाळीस. पडद्यावर काही नव्हतं. नवं खातं कालच काढलं असेल. सहा सत्तेचाळीस. कदाचित नाव पाहिलंच नसेल. कदाचित पाहून फोन बाजूला ठेवला असेल. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली, वरच्या मजल्यावर कुणी बादली भरायला लावली. हॅलोताईंचा अंगठा पडद्याजवळ होता. एकदाच दाबलं असतं तर खोलीत व्हायोलिन आलं असतं. त्यांनी अंगठा मुठीत घेतला.

सहा बावन्नला पडद्याच्या तळाशी एक ओळ उमटली: ‘ठकूचं स्वयंपाकघर – वाजत आहे’. तिच्याखाली यादीतल्या पहिल्या तुकड्याचं नाव, आणि हळूहळू पुढे सरकणारी एक हिरवी रेघ.

हॅलोताईंनी ती रेघ थोडी पुढे गेलेली पाहिली. मग फोन उलटा करून, पडदा खाली घालून, शेजारच्या तिपाईवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

खोलीत काही वाजत नव्हतं. त्या बेचाळीस मिनिटं बसून राहिल्या. घड्याळात सात चौतीस झाले, तेव्हा त्या उठल्या, अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, मेणकापड उलगडून त्याच्यावर घातलं आणि त्याची चारी टोकं नीट ओढून घेतली.