टाकीतला ओंडका

आमच्या दादाला बाभळीचे अकरा उपयोग तोंडपाठ आहेत. सालीनं कातडं कमावतात, डिंक औषधात घालतात, शेंगा शेळ्या खातात, काट्यांचं कुंपण होतं, वगैरे. दुकानाच्या वेबसाइटसाठी त्यानं यादीच केली होती. लाकडाला हात लावणं तेवढं यादीत नव्हतं.

बाबा सुतार. मीही सुतार, फक्त बाबांना ते अजून पटायचं होतं. आमच्याकडे बाभळीचा रंधा स्वतः करून थोरल्यानं धाकट्याच्या हातात दिला की तो सुतार, तोवर मदतनीस. मी नऊ वर्षं मदतनीस होते. दारातली बाभूळ वादळात आडवी झाली, तेव्हा बाबांनी तिचा ओंडका मागच्या टाकीत बुडवला. "वर्षभर भिजू दे, म्हणजे पुढे चिरणार नाही. मग तुझा रंधा करू," म्हणाले. त्या दिवसापासून टाकीतलं पाणी मी कधी कमी होऊ दिलं नाही.

अकराव्या महिन्यात आम्ही दोघं चार दिवस बाहेरगावी दरवाजे बसवायला गेलो. दुकान दादावर सोपवलं. तेवढ्यात त्याला स्वच्छतेचा झटका आला.

परतलो तर टाकी चकाचक आणि ओंडका रणरणत्या उन्हात पत्र्यावर.

"पाण्यात लाकूड कुजतं, बाबा," दादा अभिमानानं म्हणाला. "वेळेवर बघितलं म्हणून वाचलं!"

ओंडका या टोकापासून त्या टोकापर्यंत उकलला होता. भेगेत बोट जात होतं. दादानं घालूनही दाखवलं.

"उभीच चीर आहे ना? मग एकाचे दोन रंधे होतील की!"

असा भाऊ सगळ्यांना मिळो. मला रडू कोसळलं, ते लपवलंही नाही.

मग डोळे पुसले आणि हातोडीनं ओंडका ठोकत गेले. सगळीकडे बद्द आवाज. गाठीच्या अलीकडे, भेगेच्या उलट अंगाला मात्र हातभर लाकूड खणखणीत वाजलं. पेन्सिलनं खूण केली, करवत चालवली आणि तुकडा बाबांसमोर ठेवला.

"एवढाच धड निघाला. एका रंध्याला पुरेल."

बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला, ठोकला आणि पटाशीसकट मला परत दिला.

"तुम्ही करून देणार होतात ना?"

"मला माझ्या बापानं करून दिला. लाकूडही त्यानंच निवडलं, मला कुठे कळत होतं? तुला कळलं. आता कर तुझा तूच."

मी पटाशी लावली. दादानं लगेच फोटो काढून वेबसाइटवर टाकला.

"खाली काय लिहिलंस?" बाबांनी विचारलं. वेबसाइटची चौकशी त्यांनी जन्मात पहिल्यांदा केली.

"'आमची मदतनीस काम करताना.'"

"पूस ते."

"मग काय लिहू?"

"सुतार."